राक्षसाला वाढलेली भाकर

पुंजाने राक्षसाचं सोंग, तो मोठा कागदी मुखवटा, टोपल्यावरून उचललं आणि तो जागीच थबकला. खालचं टोपलं भाकरीने भरलं होतं. नागलीच्या भाकरीचे तुकडे, वाळून खडा झालेले, काही उंदरांनी कुरतडलेले. वरून मुंग्यांची ये-जा चाललेली.

"रुपे!" त्याने बायकोला हाक मारली. "ये इकडं. यो काय हाय?"

झऱ्यावरून येत असलेली रुपी हंड्यासकट दारात उभी राहिली. तिने टोपल्यात पाहिलं. मग चुलीशी बसलेल्या जिव्याकडे पाहिलं, आणि डोक्यावरचा हंडा उतरवायचंच विसरली. तिचं चार वर्षांचं एकुलतं एक पोर. हातापायांच्या काड्या झालेल्या, गळ्यात भगताने बांधलेला काळा दोरा.

जिव्या पहिल्यापासून जेवणाच्या बाबतीत महा कटकट्या. घास तोंडात जायचा तो गालात जाऊन बसायचा, आणि आईने हात जोडले तरी तिथून हलायचा नाही. पाड्याच्या बोहाड्यात, देवादिकांची सोंगं नाचवायच्या उत्सवात, राक्षसाचं सोंग नाचवायचा मान पुंजाच्या घराण्याचा. बोहाडा जवळ आला तसं पुंजाने ते माळ्यावरून खाली काढलं, फाटक्या कानाला कागदाचा लगदा लावला, नवा रंग दिला आणि सुकायला भिंतीशी एका रिकाम्या टोपल्यावर ठेवून दिलं. लालभडक चेहरा, वटारलेले डोळे आणि हा एवढा आरपार उघडा जबडा. जिव्या बघतच राहिला. रुपीने संधी साधून घास आत सारला. पोराने मुकाट गिळला. दुसरा सारला, तोही गेला. रुपीला स्वर्ग दोन बोटं उरला.

मग काय, जेवायचं म्हटलं की जिव्या सोंगासमोर. "देवाचा काम हाय, पोरांचा खेळ नाय," असं पुंजा पुटपुटला, पण पोर जेवतंय म्हटल्यावर त्यानेही तोंड मिटलं. थोड्याच दिवसांत रुपीला आणखी एक शोध लागला. भरवायला बसायचीसुद्धा गरज नव्हती. जर्मनची थाळी पोरापुढे ठेवायची, "खा, तो बघतोय बरा," म्हणायचं आणि हंडा उचलायचा. परत यावं तर थाळी लख्ख.

वेळ तिला हवाच होता. शेजारचं जव्हार संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती, मोखाड्याच्या बाजारात नव्या राज्याच्या गोष्टी चालायच्या. त्यांच्या सूर्यमाळचा झरा मात्र कशातच विलीन झाला नव्हता. फाल्गुन लागला की तो आपला आटायचा, आणि वाटीवाटीने हंडा भरता भरता अर्धी सकाळ जायची. पुंजा उजाडायच्या आत लाकूडतोडीला गेलेला असायचा. घरात उरायचे दोघं, जिव्या आणि राक्षस.

शेजारच्या कोंडीने आपलंही हट्टी पोर एकदा तिथे आणून बसवलं. ते किंचाळत पळालं. रुपीला त्याचासुद्धा अभिमान वाटला.

फक्त जिव्या वाळत चालला होता. रुपी थाळीत अर्धी भाकर जास्त ठेवू लागली, तीही संपायची, आणि पोर आणखी वाळायचं. दृष्ट काढून झाली, दोरा बांधून झाला. त्याच्या अंगावरून हात फिरवताना एकेक बरगडी मोजता यायची. गेल्या साली माघ्याचं पोर असंच वाळत वाळत गेलं होतं. पाड्यावर आता त्याचं नावसुद्धा कोणी घेत नव्हतं.

आणि आज पुंजा बोहाड्यासाठी घरी राहिला, सोंग उचललं, तर ही भाकर. पुंजाचा पारा चढला.

"आम्ही एकेक दाणा पुरवून वापरायचा, न तू भाकर टाकतोस? राक्षसाचे तोंडात?" त्याने हात उगारला.

"टाकली नाय," जिव्या म्हणाला. "त्याला वाढली."

"अन् तू काय खायचास?"

"उरली तं खायचो."

"का रं बाबा?" रुपीने विचारलं. "एवढा भ्या वाटायचा त्याचा?"

जिव्याने मान हलवली. "त्याचा नाय. तुम्ही गेलं का घर रिकामा व्हायचा, त्याचा वाटायचा. यो उपाशी राहला तं यो पण निघून जाईल ना."

पुंजाचा हात खाली आला. रुपीला स्वतःची इतकी लाज वाटली की तिला नवऱ्याकडे बघवेना. तिने हंडा उतरवला. दुसरी खेप अजून बाकी होती, उशीर झाला की रांगेतली जागा जाणार हे तिला ठाऊक होतं. ती पोराशेजारी मांडी घालून बसली. चुलीवरची ताजी भाकर थाळीत घेतली, मोडली, आणि पहिला घास स्वतःच्या तोंडात घातला. पुंजाही सोंग मांडीवर घेऊन तिथेच टेकला आणि त्यानेही थाळीत हात घातला.

"उद्यापासून माझ्यासंग झऱ्यावर यायचा," रुपी भरल्या तोंडाने म्हणाली. "भाकर बांधून घेऊ. रांगेत बसून खाऊ दोघं."

जिव्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. दोघं खरंच चावत होते. मग त्याने घास घेतला, चावला, गिळला. दुसरा न सांगता घेतला. तिसऱ्यासाठी थाळी स्वतःकडे ओढली. कितीतरी वेळाने त्याला बापाच्या मांडीवरच्या राक्षसाची आठवण झाली.

"तू जा आता नाचायला," तो त्याला म्हणाला. "माझी माणसं आलीत."