आईच्या शालूला कसर

"गार्गी, आईच्या शालूला कसर लागलीय. लगेच ये," ऋतुजाने मिरजेहून धाकट्या बहिणीला फोन केला.

"काहीतरीच काय, ताई! ते किडे जगातून नाहीसे होऊन तीस वर्षं झाली. शास्त्रज्ञांनी त्यांचा वंशच थांबवला ना?"

"मग भोक काय मी पाडलं? ये आणि बघ."

गार्गी आली. पूर्वी दसरा झाला की दोघी आईबरोबर गच्चीवर ट्रंक उघडायच्या. कपड्यांना ऊन दाखवायचं, कडुलिंबाचा पाला बदलायचा, आणि आई एकेका लुगड्याची हकिगत सांगत बसायची. पुढे किडाच उरला नाही, तशी ट्रंकही कुणी उघडेना. आई गेल्यावर तर गार्गीचं माहेरी येणंच थांबलं होतं.

शालूच्या पदराला खरंच भोक होतं. गार्गीने त्यावरून बोट फिरवलं. कडा कात्री चालवल्यासारख्या सरळ होत्या. तिने वर पाहिलं, तर ताई उगाचच ट्रंकेत डोकं घालून काहीतरी शोधत होती.

"कसरच आहे गं," गार्गी म्हणाली आणि तिने शालू उन्हात पसरला. "एकदा लागली की सहजासहजी जात नाही. आता दरवर्षी बघायला यावं लागणार मला."