सोमवारचं तेल

"दर सोमवारी तेल लागतंच कसं?" नवऱ्यानं गाडी दुकानासमोर थांबवत विचारलं.

"लागतं," बायको म्हणाली आणि चेनसॉ उचलून खाली उतरली.

तेल घ्यायला अख्खं मशीन कशाला न्यावं लागतं, हे मात्र त्यानं विचारलं नाही. विचारायचं कधीचं ठरवलं होतं. घरी तेलाचा डबा गळ्यापर्यंत भरलेला होता. त्यानं झाकण उघडून बघितलं होतं, आणि एकदाच नव्हे.

दोघांचा धंदा झाडं छाटायचा. झाडावर चढून फांद्या ती उतरवायची, खालून दोर तो धरायचा. मोडलेलं मनगट वाकडंच जुळल्यापासून त्याचं वर चढणं बंद झालं होतं. मशीनला धार मात्र तोच लावायचा. रविवारी सकाळी कानस घेऊन बसायचा आणि साखळीचा एकेक दात घासायचा. त्या कामाला तो कुणाला हात लावू देत नसे.

आणि हल्ली तिच्या तोंडी सारखा हा दुकानदार. दुकानदार म्हणाला, साखळी सैल ठेवू नका. दुकानदार म्हणाला, ओल्या लाकडाला घाई करू नका. जेवताना दुकानदार, गाडीत दुकानदार. मशीन विकणारे पुष्कळ आहेत, पण मशीन कळणारा हा एकच, असं ती भेटेल त्याला सांगायची. शेजारणीलासुद्धा सांगून झालं होतं, आणि तिच्याकडे कापायला साधं झुडूप नव्हतं.

काचेतून दुकानदार दिसत होता. भांग नीट पाडलेला, शर्ट खोचलेला. दिवसभर तेल-ग्रीसमध्ये हात घालणाऱ्या माणसाचा शर्ट इतका स्वच्छ कसा? नवऱ्याचा जीव आधी शर्टावरच जळला. मग आत ती हसली. गाडीत ती अशी कधी हसली होती, हे आठवायच्या आत तो खाली उतरला होता.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत शिरताच सामानाची मांडणी आडवी आली आणि तो मांडणीमागेच थांबला. थांबला कसला, लपलाच.

"या वेळी कुठं ओढतंय, ताई?" दुकानदार विचारत होता.

ताई! नवऱ्याला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"डावीकडेच," ती म्हणाली. "कितीही सरळ धरलं तरी तिरकं कापतं."

दुकानदारानं साखळी बोटानं हळूहळू पुढे सरकवली. "एका बाजूचे दात छान घासलेत. दुसऱ्या बाजूला कानस नुसती फिरलीय, जोरच नाही. मी करतो सारखे. पण ताई, एकदा त्यांना सांगून टाका ना. तुम्ही वर फांदीवर उभ्या असता. मशीननं हिसका दिला तर?"

"म्हणून तर कामावर जायच्या आधी इथं येते."

"मग धार मीच लावून देत जातो. त्यांना कशाला उगाच त्रास?"

"नको, नको," ती म्हणाली. "कानस घेऊन बसले ना, की शीळ घालतात. एरवी घालत नाहीत हो आता. तेवढं राहू दे."

मांडणीमागे नवऱ्यानं आपल्या मनगटाकडे बघितलं. इतके दिवस त्याला तिच्या हसण्याचा हेवा वाटत होता. हसणं गेलं खड्ड्यात. तिच्या मनात आपल्याबद्दल काय आहे, हे त्या माणसाला सरळ समोर बसून ऐकायला मिळत होतं, आणि आपल्याला असं चोरून. हे त्याला फार लागलं.

तो पाय न वाजवता दारापर्यंत मागे गेला आणि दार मुद्दाम आपटलं. "झालं का तेल?"

बायको दचकली. दुकानदार दचकला नाही.

"या, दादा. धार तुम्हीच लावता ना?" तो म्हणाला. "हात चांगला आहे तुमचा."

इतकं सफाईदार खोटं! आणि तेही तिच्यासाठी. यातही हा आपल्या पुढेच, म्हणून नवऱ्याचा तिळपापड झाला.

"सवय आहे," एवढंच तो म्हणाला, आणि वाकडा हात खिशात घातला.

पुढच्या रविवारी तो नेहमीसारखा पायरीवर बसला. एका बाजूला मशीन, दुसऱ्या बाजूला तेलाचा भरलेला डबा. त्यानं कानस दातावर टेकवली आणि पुन्हा उचलली. कोपऱ्यात एक गंजलेली लोखंडी पट्टी पडली होती. ती पुढ्यात ओढून तो तिच्यावर कानस घासत राहिला. आवाज तसाच येत होता. मग त्यानं शीळही घातली. सूर काही लागेना, पण घातली.

"झालं का हो?" बायकोनं आतून विचारलं.

"झालं." त्यानं पट्टी पायानं मागे सारली.

ती हात पुसत बाहेर आली आणि दातांवरून अलगद अंगठा फिरवला. आठवडाभर लाकूड कापून दात बोथटले होते, पण दोन्ही बाजूंना सारखे होते, सोमवारी दुकानदारानं करून दिले तसेच. अंगठा मध्येच थांबला. तिनं नवऱ्याकडे बघितलं. तो कानस पुसत होता.

"छान लागलीय धार," ती म्हणाली.

"उद्या जरा लवकर निघू," तो मान खाली घालूनच म्हणाला. "तेल संपलंय."