थरथर जाते कुठे?

पैज लागली ती सलूनवाल्याच्या आगाऊपणामुळे. वरच्या मजल्यावरच्या ताईंना कंपवात. कप तोंडाशी जाईपर्यंत अर्धा चहा बशीत. पण त्यांच्या चित्रातली रेघ? पट्टीने आखल्यासारखी!

"चित्रं त्यांचा भाऊ काढतो, सही ताई करतात," सलूनवाला म्हणाला. "हाताचं मला विचारा, वीस वर्षं वस्तरा धरतोय."

"हरलास तर रविवारी गेटसमोर सगळ्यांची दाढी फुकट!" शेजारच्या टेलरने टाळीसाठी हात पुढे केला.

ताईंच्या कानावर गेलं. पुढच्याच आठवड्यात त्यांचं पहिलं प्रदर्शन होतं. त्यांनी सलूनवाल्याला वर बोलावलं. "बस समोर. आणि डोळे उघडे ठेव."

पेन्सिल कागदाला टेकली आणि ताईंचा हात एकदम शांत झाला. एक लांब, सरळ रेघ उमटली. सलूनवाल्याने कान पकडले.

"पण ताई, मग ही थरथर जाते कुठे?"

"जात असेल कुठेतरी. मलाही बघायचंय."

रविवारी अख्खी बिल्डिंग गेटसमोर जमली. पहिला नंबर टेलरचा. तोंडभर फेस लावून, मान मागे टाकून तो ऐटीत बसला. "जपून रे, हरल्याचा राग गळ्यावर नको काढूस!"

सगळे खदखदून हसले. सलूनवालाही हसला आणि त्याने वस्तरा गळ्याला लावला.

तेवढ्यात त्याचा हात थरथरू लागला. त्याने दुसऱ्या हाताने मनगट धरलं, तर तोही थरथरायला लागला.

त्याने वर पाहिलं. खिडकीत ताई कागदावर पेन्सिल टेकवून बसल्या होत्या आणि टक लावून त्याच्या हाताकडे बघत होत्या.

पेन्सिल त्यांनी उचलली नाही.