घाटातला पाहुणा

कोयनेच्या घाटात परदेशी वकिलातीच्या गाडीनं एका दुचाकीवाल्याचा पाय मोडला. गाडी चालवत होता वकिलातीतला साहेब, पण जबाबात त्यानं ड्रायव्हर हरीचं नाव सांगितलं. हरीवर खटला उभा राहिला आणि साहेब दिल्लीला निघून गेला.

हरीची आई मनुबाई वडूजहून येऊन थेट पोलीस ठाण्यात बसली.

फौजदार म्हणाले, "मावशी, मलाही कळतंय. पण त्या साहेबाला अटक करता येत नाही, साक्षीलाही ओढता येत नाही. तो दुसऱ्या देशाचा पाहुणा. कायद्यानंच त्याला तसं संरक्षण आहे."

"म्हंजी जावई म्हणा की."

"तसंच समजा."

"मग सोपं हाय. जावई कसाबी वागला तरी आमी त्येला बोलत न्हाई. त्येच्या आईला निरोप धाडतो."

फौजदार हसले. मनुबाईनं मात्र घरी जाऊन लेकीला, रेश्माला, पत्र लिहायला बसवलं. पत्र साहेबाला नव्हतं, त्याच्या देशाच्या सरकारला होतं. 'तुमचं लेकरू आमच्या दारात येऊन खोटं बोललं. हेच वळण लावलंत का?'

चौथ्या महिन्यात साहेब स्वतः कोर्टात येऊन उभा राहिला. खाली मान घालून म्हणाला, "गाडी मी चालवत होतो." त्याच्या सरकारनं त्याचं संरक्षण काढून घेतलं होतं.

हरी निर्दोष सुटला. कोर्टाच्या पायऱ्या उतरताना मनुबाईनं रेश्माच्या पाठीवर दणकन थाप मारली.

"इहीणबाई लय खमकी निघाली गं!"