एका दमात

"एक अख्खं वाक्य बोला, काका. मध्ये न थांबता," वाटाड्या म्हणाला.

"हं," गवंडी म्हणाला.

वाटाड्याने भुवया चढवल्या. इतक्या उंचीवर हवा विरळ. दर थांब्याला तो माणसांना बोलायला लावायचा. वाक्य अर्धवट राहून ज्याला धाप लागेल, त्याला घेऊन तो सरळ खाली उतरायचा. हा शेवटचा थांबा होता. समोर जुन्या काळचं पडकं गाव, त्याच्या वर खिंड.

"दम नाही लागलाय त्यांना, दादा," गवंड्याची बायको घाईने म्हणाली. "हे घरीसुद्धा एवढंच बोलतात. चाळीस वर्षं मी 'हं'वर काढलीत."

"सगळेच असं सांगतात, काकू. गेल्या वर्षी एक गृहस्थ असेच गप्प होते. त्यांना पाठीवर घेऊन उतरलो मी."

 या खिंडीसाठी ती वर्षभर, दुखऱ्या गुडघ्याला शिव्या घालत, चार मजले सकाळ-संध्याकाळ चढली होती. वाटाड्या एकच. नवरा उतरला की तिलाही उतरावं लागणार.

"अहो, बोला ना काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. हवा कशी आहे ते सांगा."

"गार."

वाटाड्याने पाठपिशवीचे पट्टे आवळले. "चला, उतरू या."

गवंडी वळला. वळताना आधाराला म्हणून त्याने गावातल्या पहिल्याच घराच्या भिंतीवर हात टेकला, आणि हात तिथेच राहिला. अंगठ्याने तो दोन दगडांमधला सांधा चाचपू लागला.

"हे बघ, यात चुना नाही की माती नाही, नुसते दगडावर दगड बसवलेत, पण सांध्यावर सांधा एकदाही येऊ दिला नाही, आणि हा लांब दगड आरपार घातलाय म्हणून छप्पर गेलं, माणसं गेली, तरी भिंत उभी आहे."

वाटाड्या हसला. "पास. चला काकू, लवकर. बारानंतर ढग उतरतात, मग मी कुणाला वर नेत नाही."

गवंडी मात्र उकिडवा बसला होता. "आणि हा कोपरा बघितलास? छिन्नीचे वार उलटे तिरके आहेत. डावखुऱ्याचं काम. माझे उस्ताद डावखुरेच होते. पहिल्या दिवशी त्यांनी मला..."

बायको चपापली. ह्यांना कुणी उस्ताद होते, हे तिला आजच कळत होतं. तिने एकदा वर खिंडीकडे बघितलं. मग पाठपिशवी उतरवली आणि एका सपाट दगडावर ऐसपैस बसली.

"काकू, खिंड हुकेल."

"हुकू दे," ती हळूच म्हणाली. "तुम्ही मध्ये बोलू नका, दादा. ते थांबतील."

वाटाड्याने घड्याळ बघितलं आणि तोही बसला. पडकं गाव पार उतारापर्यंत पसरलेलं होतं, आणि गवंडी अजून पहिल्याच भिंतीवर होता.