अंबूताईंच्या दारातल्या चपला

म्हैसूरच्या त्या लहानशा वृद्धाश्रमात भेटीला येणारा माणूस खोलीच्या उंबऱ्याबाहेर चपला काढायचा. कुणाच्या दारात चपला दिसतात, यावर सगळ्या म्हाताऱ्यांचं लक्ष असायचं.

सुमित्राबाईंचा मुलगा जवळच, मेटगळ्ळीच्या कारखान्यात होता. तरी त्यांचा उंबरा वर्षभर रिकामाच. समोर अंबूताईंच्या दारात मात्र रोज दुपारी पुरुषाच्या चपला असायच्या, ओली वाळू चिकटलेल्या. येणारा माणूस कधी कुणी पाहिला नव्हता.

"भाग्यवान हो तुम्ही," जेवताना सुमित्राबाई टोचून बोलल्या. "रोज कोण येतं एवढ्या ओढीनं?"

"सुम्ने, गप्प राहा, अक्का. माझं माणूस नाही ते." अंबूताईंनी भाताला हातही लावला नाही.

"अय्यो, दृष्ट लागेल म्हणून लपवता होय!"

त्या दुपारी सुमित्राबाईंना राहवलं नाही. त्यांनी तो जोड उचलला आणि आपल्या उंबऱ्याबाहेर नीट मांडला. बघू देत सगळ्यांना! मग ऐटीत व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसल्या.

समोरचं दार उघडून अंबूताई बाहेर आल्या. चपला कुठे आहेत ते त्यांनी पाहिलं आणि सुमित्राबाईंचे दोन्ही हात धरून त्या रडायलाच लागल्या.

"फार उपकार झाले, अक्का."

सुमित्राबाईंच्या रिकाम्या खोलीत खाट करकरली. आतून पुरुषाच्या आवाजात हाक आली, "सुमे, आत ये की."

इतक्या मायेनं त्यांना कुणी हाक मारून कितीतरी वर्षं झाली होती. सुमित्राबाई उठल्या.