तांबडा उजेड

माथेरानच्या थंडीत रांगेतल्या सगळ्या घोड्यांच्या नाकातून वाफा निघत होत्या, फक्त सर्जाच्या नाही. काल डॉक्टरांनी लेझरचा तांबडा उजेड दिल्यापासून त्याचा लंगडा पाय ठणठणीत झाला होता. चंदीला मात्र त्याने तोंडही लावलं नव्हतं.

कोंडिबाने त्याच्या छातीला कान लावला आणि दचकून मागे सरकला.

“अगं हौसे, ह्याचं काळीज बंद पडलंय! मग हा चालतोय कसा?”

“काहीतरीच काय बोलताय?” त्याची बायको हसली. काल सर्जाचं झाल्यावर तिनेही दुखरा गुडघा त्याच उजेडात धरला होता. आज चढण ती न थांबता चढून आली होती. “खोगीर घाला, गिऱ्हाईक खोळंबलंय.”

कोंडिबा तिच्या तोंडाकडे बघतच राहिला. ती बोलत होती, पण वाफ निघत नव्हती.